प्रोसेसर निम्मा रिकामा असूनही सर्व्हर मंद चालतो. डिस्क किंवा नेटवर्कचा वेग कारणीभूत असेल का?

होय, बहुधा तेच कारण आहे. प्रोसेसरला काम नसताना प्रतिसाद रेंगाळत असेल, तर सर्व्हर बहुतेक वेळा डिस्ककडून किंवा नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाची वाट पाहत ताटकळलेला असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीसाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती नोंद हेडखाली (डेटा वाचणाऱ्या भागाखाली) येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद जातात आणि त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवला, की विखुरलेल्या नोंदी वाचताना अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक वाचनांतच दमते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काही नसल्याने हा खोळंबाच उरत नाही. नेटवर्कचे गणित सरळ आहे: १ गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा अधिक जाऊच शकत नाही, त्यामुळे साठवण नेटवर्कपलीकडे असेल तर महागडी एसएसडीही तिथेच अडते. लिनक्सवर ‘टॉप’ आज्ञेतील ‘डब्ल्यूए’ (wa) हा आकडा, म्हणजे डिस्कची वाट पाहत प्रोसेसर रिकामा राहिल्याचा वेळ, सतत चढा दिसल्यास आधी डिस्क तपासावी. मात्र वारंवार लागणारा डेटा रॅममध्ये मावत असेल, तर वाचनापुरता डिस्कचा वेग फारसा जाणवत नाही. डेटाबेसमधील कमिटला (बदल कायमचे नोंदवण्याच्या क्रियेला) मात्र, नेहमीच्या सुरक्षित मांडणीत, डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबावेच लागते.