काकूंच्या हॉलमध्ये डोकावणारा कॅमेरा

प्रश्न : पॅसेजमधून मुलाची सायकल चोरीला गेली म्हणून मी दाराबाहेर वायफाय कॅमेरा लावला. आता समोरच्या काकू म्हणतात दार उघडलं की आमचा हॉल दिसतो, काढा नाहीतर पोलिसात जाते. माझा कॅमेरा माझ्या भिंतीवर, मग चूक काय? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांच्या खोलीतही एक लावायचाय. सांभाळायला येणाऱ्या ताईंना सांगायलाच हवं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, चोरी झाल्यावर कॅमेरा लावावासा वाटणारच, आणि घराच्या राखणीसाठी लावायला बंदी पण नाहीये. पण काकूंचं बरोबर आहे हो. भिंत तुमची असली तरी पॅसेज सगळ्यांचा आणि त्यांचा हॉल तर त्यांचाच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलंय. कोलकात्यात तर एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने राहत्या भागात दुसऱ्याला न विचारता कॅमेरे लावले, तर २०२५ मध्ये हायकोर्टाने ते बंद करायला लावले आणि सुप्रीम कोर्टानेही तो निकाल बदलला नाही.

आजच काकूंना घरी बोलवा, ॲप उघडून काय दिसतं ते त्यांनाच दाखवा. कॅमेरा खाली वळवा, फक्त तुमचा उंबरठा आणि सायकलची जागा आली की पुरे. बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मास्क असतो, त्याने त्यांच्या दारावर काळा पट्टा टाकता येतो. आवाजाचं रेकॉर्डिंग बंदच ठेवा, जिन्यातल्या गप्पा तुमच्या कामाच्या नाहीत. आणि सोसायटीच्या कमिटीला लेखी कळवा.

सांभाळायला येणाऱ्या ताईंना सांगायलाच हवं, आणि त्याआधी सासूबाईंना विचारा! अंग पुसणं, कपडे बदलणं सगळं त्याच खोलीत होणार, माणूस आजारी पडला म्हणून त्याची लाज संपत नाही. बाईचे असे खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं कैद. त्यामुळे कॅमेरा दाराकडे किंवा औषधांच्या टेबलाकडे ठेवा, पलंगाकडे नको, आणि अंग पुसताना तो सरळ बंद करायचा. क्लिप नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड अजून तसाच असेल तर आधी तो बदला, नाहीतर तुमच्या घरात बाहेरचं कोणीही डोकावू शकतं.

आणि परत चोरी झालीच तर लगेच फुटेजची कॉपी काढा, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं. कार्ड मात्र जपून ठेवा, कोर्टात लागलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ प्रमाणे फुटेज कशातून, कसं काढलं याचं सर्टिफिकेटही जोडावं लागतं.