गाइडला पहिल्या भेटीत काय विचारावे?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. यंदा पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत हे दोन्ही टप्पे पार पडले. एकोणिसाव्या शतकातील पाटाच्या पाण्यावरून झालेल्या तंट्यांवर, मुख्यतः मोडी कागदांच्या आधारे, काम करण्याचा विचार आहे. संशोधन केंद्राने दोन मार्गदर्शकांची नावे सुचवली आहेत. एक सर नामवंत प्राध्यापक आहेत, वय ५६, त्यांच्याकडे सध्या सहा विद्यार्थी आहेत. दुसऱ्या मॅडम सहायक प्राध्यापक असून त्यांच्याकडे एकच विद्यार्थिनी आहे. दोघांनीही भेटायला बोलावले आहे. काय विचारावे, आणि मुख्य म्हणजे उद्धटपणा न वाटता कसे विचारावे?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील ५६ हा आकडा आधी पाहू. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन शिक्षक साधारणतः साठाव्या वर्षी निवृत्त होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांची चार वर्षे शिल्लक आहेत, म्हणजे नियमाने ते आपल्याला घेऊ शकतात. पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षांची आणि कमाल सहा वर्षांची असली, तरी नोकरी सांभाळून दप्तरखान्यात बसणाऱ्या माणसाला चार वर्षे सहसा पुरत नाहीत. सर निवृत्त झाले की त्यांना फक्त सहमार्गदर्शक म्हणून, तेही वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत, राहता येते. म्हणून सरांना विचारण्याचा पहिला प्रश्न असा : “सर, आपल्या निवृत्तीनंतर माझे मुख्य मार्गदर्शक कोण असतील, आणि ते नोंदणीच्या वेळीच ठरवता येईल का?” हा प्रश्न त्यांना अपमानाचा वाटण्याचे कारण नाही. स्वतःच्या निवृत्तीची तारीख त्यांना आपल्यापेक्षा चांगली माहीत असते. “बघू तेव्हा, कोणीतरी मिळेल,” एवढेच उत्तर आले, तर त्या ‘कोणीतरी’ला आपला विषय, मोडी आणि आपली अडलेली प्रकरणे पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावी लागतील, हे गृहीत धरावे.

मॅडमच्या बाबतीत प्रश्न वेगळे आहेत. त्यांची नेमणूक कायम आहे का, मार्गदर्शक म्हणून विद्यापीठाचे मान्यतापत्र त्यांना कधी मिळाले आणि त्याला मुदत आहे का, त्या दुसरीकडे जाण्याच्या विचारात आहेत का? पहिल्या दोन गोष्टी संशोधन केंद्राच्या कार्यालयात कळतात, त्यासाठी मॅडमना अवघडवू नये. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. त्या हिशेबाने दोघांकडेही जागा आहे. मात्र सहा विद्यार्थी असलेल्या माणसाच्या वाट्याला दर सहामाहीला सहा सादरीकरणे, सहा प्रगती अहवाल आणि वेळोवेळी येणाऱ्या प्रकरणांचे गठ्ठे असतात. त्या रांगेत आपले कागद कितव्या क्रमांकावर असतील, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता प्रश्नांच्या घडणीविषयी. विद्यार्थी सहसा विचारतात, “सर, आपण वेळ द्याल ना?” याला नाही म्हणणारा गाइड जन्माला यायचा आहे. पुढे काय करणार हे विचारण्यापेक्षा मागे काय झाले ते विचारावे, कारण ते पडताळून पाहता येते. “आपल्याकडील शेवटच्या विद्यार्थ्याचा प्रबंध नोंदणीपासून किती वर्षांत सादर झाला, आणि सर्वांत जास्त वेळ कशात गेला?” हा एकच प्रश्न बरेच काही बाहेर काढतो. कोणी सांगेल की विषयाच्या मंजुरीत महिने गेले, कोणी सांगेल की बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल लवकर आले नाहीत. ही कामाची माहिती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत दोष विद्यार्थ्याचाच निघत असेल, एकाचे लग्न झाले, दुसरा आळशी निघाला, तिसरीला विषयच झेपला नाही, तर आपल्याविषयी पुढे काय सांगितले जाईल याचा अंदाज आताच येतो.

भेटीला जाण्यापूर्वी एक संध्याकाळ ‘शोधगंगा’वर घालवावी. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे हे भांडार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालवले जाते आणि ते कोणालाही उघडता येते. मार्गदर्शकाच्या नावाने शोधले की त्यांच्या हाताखालून गेलेले प्रबंध दिसतात. अनेक नोंदींत पूर्ण झाल्याची तारीख असते, काहींत नोंदणीचीही असते. विषयांच्या शीर्षकांवरून नुसती नजर फिरवली तरी बरेच कळते. सगळे प्रबंध एकाच साच्यातल्या गणपतींसारखे, फक्त तालुक्याचे नाव बदललेले, असे असतील, तर पाटपाण्याच्या तंट्यांसारखा आडवळणाचा विषय तिथे टिकेल का, याचा विचार करावा. ऋणनिर्देशही वाचावा. सर्वच विद्यार्थी गाइडची स्तुती करतात, ती सोडून द्यावी, पण कागद कोणी दाखवले, मोडी कोणी लावून दिली, कच्चा खर्डा कोणी वाचला याची श्रेये कुणाला दिली आहेत ते पाहावे.

यावरून मोडीचा प्रश्न येतो. आपले मुख्य साधन ज्या लिपीत आहे, ती मार्गदर्शकाला वाचता येते का, हे स्पष्ट विचारायलाच हवे. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. त्यांतले हवे ते शोधून काढणे, झिजलेल्या ओळी लावणे, एकच निवाडा दोन ठिकाणी निरनिराळा नोंदवलेला आढळला तर कोणता धरायचा ते ठरवणे, या कामात गाइड सोबत करू शकत नसेल, तर प्रबंधाच्या मुद्द्यावरची चर्चा आपल्या लिप्यंतरावर डोळे झाकून विश्वास ठेवूनच होईल. मार्गदर्शकाला मोडी येत नसणे हा काही गुन्हा नाही. विनियमांनुसार सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतीलही घेता येतो. “मला मोडी येत नाही, आपण जाणकार सहमार्गदर्शक घेऊ,” असे सरळ सांगणारी व्यक्ती “त्याची एवढी गरज नाही” म्हणणाऱ्या तज्ज्ञापेक्षा मला अधिक भरवशाची वाटते.

प्रकरणे कशी तपासली जातात, हेही पाहून घ्यावे. त्यासाठी सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला विनंती करून तपासून परत आलेले एक प्रकरण बघायला मागावे. समासात फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले असेल आणि शेवटच्या पानावर ‘पाहिले’ असा शेरा व सही असेल, तर ते प्रकरण वाचले गेले नाही, तपासले गेले एवढेच. “हा निवाडा कोणाचा? मूळ रुमाल पाहिला का? पाटाच्या वरच्या गावाची बाजू कुठे आहे?” असे प्रश्न पेन्सिलीने लिहिलेले दिसले, तर त्या गाइडकडे प्रकरण परत यायला एक महिना जास्त लागला तरी चालेल.

विचारण्याच्या रीतीबद्दल आपली काळजी रास्त आहे. आपल्याकडे सरांना प्रश्न विचारणे म्हणजे परीक्षा घेणे, असा समज अजून पुरता गेलेला नाही. उपाय सोपा आहे, कारण स्वतःकडे घ्यावे. “सर, मला कॉलेजच्या वेळा सांभाळून यावे लागणार आहे, म्हणून आपली भेटीची पद्धत आधी समजून घ्यायची आहे. महिन्यातून एक शनिवार आपल्याला सोयीचा होईल का?” यात कोणावर शंका नाही आणि उत्तर मात्र ठोस मिळते. प्रश्न स्टाफरूममध्ये चारचौघांत विचारू नयेत, व्हॉट्सॲपवरही पाठवू नयेत. भेट झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल करावा : आज ठरल्याप्रमाणे अमुक विषय, अमुक सहमार्गदर्शक, आराखडा अमुक महिन्यात. पुढे मतभेद झाले तर आठवणीवर भिस्त ठेवावी लागत नाही.

काही प्रश्न गाइडला विचारण्याचे नसतात. ते विद्यार्थ्यांना, शक्यतो पदवी मिळवून बाहेर पडलेल्यांना, विचारावेत. सरांच्या मुलाच्या परीक्षेचे अर्ज कोण भरते, त्यांच्या पुस्तकाचे टंकलेखन कोण करते, चर्चासत्रात निबंध कोणाच्या नावावर वाचला जातो, रागावले तर किती दिवस सही अडते? प्रगती अहवालावरची ती सही ही फार मोठी गोष्ट आहे, कारण संशोधन सल्लागार समितीपुढील सहामाही सादरीकरणाचे निमंत्रक मार्गदर्शकच असतात. विद्यार्थ्याला “पुन्हा नोंदणी करायची झाली तर याच गाइडकडे कराल का?” असे फोनवर किंवा समक्ष विचारावे. लेखी कोणी खरे सांगत नाही. गाइड बदलण्याची वेळ आली तर अनेक ठिकाणी सध्याच्या गाइडचेच ना-हरकत पत्र मागतात, म्हणून ही चौकशी आधीच करण्यात शहाणपणा आहे.

आपण विचारले नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. अर्धवेळ पीएच.डी.साठी आपल्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करण्याचा उल्लेख त्यात असू द्यावा. आणि महिला संशोधकांना एकूण मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत तसेच संपूर्ण काळात प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती आधीच्या विद्यार्थिनींना विनातक्रार मिळाली का, हे मॅडमच्या विद्यार्थिनीलाही जरूर विचारावे.

माझे मत विचाराल, तर मॅडम मुख्य मार्गदर्शक आणि सर सहमार्गदर्शक अशी जोडी जमत असेल तर पाहावी. मात्र त्या दोघांचे आपसांत जमते का, याची चौकशी विभागातील शिपायापासून सुरू करावी. दोन गाइडांच्या वादात प्रबंध अडकला तर तो सोडवणे सोपे नसते.

प्रश्न : मला रसायनशास्त्रात जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली असून पीएच.डी.चा प्रवेशही निश्चित झाला आहे. होणारे गाइड म्हणतात, “पैशाचे नंतर बघू, आधी कामाला लाग.” पैशाविषयी आणि पेपरवरील नावांविषयी आत्ताच विचारणे योग्य दिसेल का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : आत्ताच विचारावे. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफची (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची) ४२,००० रुपये आहे. शिवाय घरभाडे भत्ता आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जेआरएफमध्ये विज्ञान शाखेसाठी आकस्मिक खर्चाचे अनुदान मिळते, पहिली दोन वर्षे वार्षिक १२,००० आणि नंतर २५,००० रुपये. ही रक्कम आपली आहे, पण ती सुरू करण्याचे आणि चालू ठेवण्याचे कागद गाइडच्या आणि संस्थेच्या हातून जातात, दरमहा संस्थेकडून पुष्टी जावी लागते. म्हणून विचारावे : “सर, रुजू झाल्याचा अहवाल कोणत्या आठवड्यात पाठवायचा आणि कार्यालयात हे काम कोण पाहते?” बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती असलेल्यांनीही हेच विचारावे. तिथे रक्कम उशिरा येण्याच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्या काळात खोलीभाडे थांबत नाही.

त्याहून मोठा प्रश्न रसायनांच्या खर्चाचा आहे. आकस्मिक अनुदानात वर्षभराची द्रावणे आणि काचसामानसुद्धा भागत नाही. गाइडकडे चालू प्रकल्प आहे का, तो कोणत्या वर्षी संपतो, एनएमआरसाठी (रेणूची रचना ओळखण्याच्या चाचणीसाठी) नमुने कुठे पाठवले जातात आणि त्याचे शुल्क कोण भरते, हे नेमके विचारावे. नमुने आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’सारख्या सामायिक उपकरण केंद्रात जात असतील, तर शुल्काबरोबर रांगही असते आणि त्या रांगेत आपली फेलोशिपची वर्षे खर्च होतात.

पेपरविषयी : २०२२ च्या विनियमांत प्रबंधापूर्वी पेपर छापण्याची पूर्वीची सक्ती राहिलेली नाही, मात्र विद्यापीठे आपले नियम ठेवू शकतात आणि गाइडची अपेक्षा त्याहूनही वेगळी असू शकते. “प्रबंध सादर करण्यापूर्वी आपण किती पेपर अपेक्षित धरता?” असे विचारावे आणि त्यांच्या शेवटच्या चार-पाच पेपरांवर पहिले नाव कोणाचे आहे ते घरी पाहावे. प्रयोग विद्यार्थ्याचा आणि पहिले नाव दुसऱ्याचे असा प्रकार वारंवार दिसला, तर तोच आपल्यासाठीही नियम समजावा. आयोगाने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्यामुळे चांगले नियतकालिक ठरवण्याची जबाबदारी आता संस्था आणि गाइड यांच्यावर आली आहे. पैसे भरले की आठवड्यात पेपर छापणाऱ्या नियतकालिकांत गाइडची नावे सापडत असतील, तर मला तरी दुसरा गाइड शोधावासा वाटेल.

प्रश्न : माझ्या मुलीला अमेरिकेतील एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला आहे. गाइड आत्ताच ठरवावा का? मी त्या प्राध्यापकांना ईमेल करू का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : गाइड बहुधा आत्ता ठरवावा लागणार नाही. तिथल्या अनेक जीवशास्त्र कार्यक्रमांत पहिल्या वर्षी विद्यार्थी काही आठवडे एका प्रयोगशाळेत, मग दुसरीत, तिसरीत काम करतात आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या संमतीने जागा ठरते. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाचे उत्तर १५ एप्रिलपूर्वी देण्याची सक्ती करायची नाही, असा ठराव तिथल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेला आहे. तोपर्यंत तिने आवडत्या तीन-चार प्राध्यापकांना विचारावे : यंदा आपण नवा विद्यार्थी घेणार आहात का? अनुदान मध्येच संपले तर विद्यार्थ्याचा खर्च विभाग उचलतो का, आणि उन्हाळ्याचे महिने त्यात धरलेले आहेत का? तरुण प्राध्यापक असल्यास त्यांच्या कायम नेमणुकीचा निर्णय कधी होणार आहे, हेही विभागाकडून समजून घ्यावे. प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठात गेले, तर व्हिसावर असलेल्या विद्यार्थिनीला त्यांच्यामागे जाणे कागदोपत्री बरेच खटाटोपाचे ठरते.

हे प्रश्न तिथे कोणाला उद्धट वाटत नाहीत, उलट ते न विचारणारा विद्यार्थी तयारी न करता आला असे वाटते. ईमेल मात्र मुलीनेच लिहावा. आपण तिला मसुदा वाचून दाखवायला सांगू शकता, पाठवणाऱ्याच्या जागी आपले नाव नको.