ओसाकात वीज होती, मग टोकियोत भारनियमन का?

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर पश्चिम जपान सुस्थितीत असताना तिकडची वीज टोकियोला का देता आली नाही, असे आपण विचारले आहे. याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. टोकियोने तेव्हा जर्मनीतून ५० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने या वारंवारतेची वीज देणारी) जनित्रे आणली आणि ओसाकाने अमेरिकेतून ६० हर्ट्झची. पुढे दोन्ही जाळी आपापल्या वारंवारतेवर वाढत गेली. त्यांच्यात देवाणघेवाण करायची तर वारंवारता बदलणारी केंद्रे लागतात, आणि त्यांची एकूण क्षमता २०११ मध्ये सुमारे १,००० मेगावॅट, म्हणजे एका मोठ्या अणुभट्टीइतकीच होती. बंद पडल्या होत्या अकरा अणुभट्ट्या. त्यामुळे १४ मार्चपासून टोकियो परिसरात पाळीपाळीने वीज तोडावी लागली. (आपल्याकडे दक्षिणेचे जाळे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने उर्वरित देशाशी थेट जोडता आले, कारण दोन्हीकडे ५० हर्ट्झच होते.)

या अकराही भट्ट्या धक्का बसताच ठरल्याप्रमाणे आपोआप थांबल्या होत्या, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्राला बाहेरून येणारी वीज भूकंपाने तुटली, डिझेल जनित्रे सुरू झाली, आणि सुमारे पन्नास मिनिटांनी आलेल्या त्सुनामीच्या लाटेने तळघरांतील जनित्रे व वीजफलक बुडवले. तरीही सगळा दोष अणुऊर्जेच्या माथी मारणे मला पटत नाही. कोळसा जहाजाने येतो आणि थंडाव्याला समुद्राचे पाणी लागते, म्हणून औष्णिक केंद्रेही किनाऱ्यावरच असतात. हारानोमाचीचे कोळसा केंद्र त्याच लाटेत सापडले.

माझ्या मते विजेपेक्षा इंधनाची कथा अधिक बोलकी आहे. सहा तेलशुद्धीकरण कारखाने थांबले. चिबा येथील एलपीजी टाक्यांची आग विझायला दहा दिवस लागले. ईशान्येची बंदरे ढिगाऱ्यांनी अडली होती आणि मुख्य लोहमार्ग तुटला होता. तेव्हा योकोहामाहून निघालेली तेलगाडी पलीकडच्या, जपान समुद्राच्या किनाऱ्याने नीगाता, अकिता, आओमोरी असा मोठा वळसा घालून ईशान्येतील मोरिओकाला पोहोचली. त्याच भागातील कोरियामा शहरासाठी बानएत्सू पश्चिम या लोहमार्गाच्या डोंगराळ, विद्युतीकरण न झालेल्या भागातून गाड्या न्यायच्या असल्यामुळे ठिकठिकाणची डिझेल इंजिने गोळा करावी लागली. सेंदाई शहराचे एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) स्थानकही लाटेने निकामी केले होते; परंतु नीगाताहून डोंगर ओलांडून येणारी वायुवाहिनी शाबूत राहिल्यामुळे शहराचा गॅस दोन आठवड्यांच्या आत टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होऊ लागला.