वाचकांचे प्रश्न : पेटीतल्या कॅसेटी आणि आठवणीतले धडे

या वेळच्या टपालात दूरदर्शनवरच्या जुन्या शैक्षणिक कार्यक्रमांबद्दल बरीच पत्रं होती. काहींना नाव आठवत नाही, काहींच्या माळ्यावर तेव्हाच्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. एकाने कार्यक्रमात पाहून केलेली सेलवरची मोटार फिरत नाही.

प्रश्न : लहानपणी दूरदर्शनवर मुलांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा. थोरला भाऊ म्हणतो ती ‘बालचित्रवाणी’, बहीण म्हणते ‘टर्निंग पॉइंट’. मला आठवतं त्यात इंग्रजी बोलायचे. नक्की काय होतं? शिवाय वडील सांगतात, त्यांनी १९७५ साली गावात उपग्रहावरून टीव्ही पाहिला होता. आम्ही सोलापूरचे. (सोलापूर)

तिघांनी वेगवेगळे कार्यक्रम पाहिले असावेत आणि आठवणीत त्यांची मिसळ झाली असावी. ओळख पटवायची तर आधी भाषा आठवा, मग वय.

‘बालचित्रवाणी’ ही पुण्याची राज्य संस्था. ती १९८४ मध्ये सुरू झाली, २०१७ मध्ये बंद झाली. भाषा मराठी आणि प्रेक्षक प्राथमिक शाळेतली मुलं. इन्सॅट उपग्रहाच्या शैक्षणिक योजनेत ५ ते ८ आणि ९ ते ११ असे वयोगट धरलेले होते. बाहुल्या, कागदकाम, गोष्टीतून गणित, शिवारातली झाडं असं काही आठवत असेल, तर भाऊ बरोबर. इन्सॅट उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्यासाठी सहा राज्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक.

इंग्रजी बोलणं आठवतंय ते बहुधा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘कंट्रीवाइड क्लासरूम’मधलं. हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला. तो खरं तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होता. पण वाहिनी एकच असल्यामुळे घरात जो कुणी असेल तो तेच पाहायचा, म्हणून पाचवीतल्या मुलालाही पेशीविभाजन तोंडओळखीचं झालं. ‘टर्निंग पॉइंट’ नव्वदच्या दशकातला. निवेदक म्हणून गिरीश कार्नाड आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यश पाल ही त्याची खूण. उत्तर देताना हातवारे करणारे पांढऱ्या केसांचे गृहस्थ डोळ्यांसमोर येत असतील, तर बहीण बरोबर. याखेरीज १९८९ मध्ये ‘भारत की छाप’ ही तेरा भागांची हिंदी मालिका लागली होती. ती भारतातल्या विज्ञानाच्या इतिहासावर होती, तिचीही सरमिसळ होते.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रहावरून गावोगावी शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत कार्यक्रम पोचवले गेले. कोंबडीच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची डिश आणि सार्वजनिक जागी ठेवलेला एक संच, असा तो थाट. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, कर्नाटक होतं, आणि त्यात विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे होते. सोलापूरकरांचं आजोळ त्या बाजूला असणं काही नवलाचं नाही. वडिलांना गाव कोणतं ते विचारा.

प्रश्न : माळ्यावर व्हीएचएस कॅसेटींचा खोका सापडला. वर स्केचपेनने ‘बालचित्रवाणी ८७’ असं लिहिलंय. शेजाऱ्यांकडे जुना व्हीसीआर आहे. लावून बघू का? (सातारा)

आज नको. माळ्यावरून काढलेली कॅसेट एक दिवस खोलीत नुसती राहू द्या, म्हणजे तिचं तापमान आणि दमटपणा खोलीइतका होईल. तोवर व्हीसीआर तपासा. वीस-पंचवीस वर्षं न वापरलेल्या यंत्रातले रबरी पट्टे सैल पडतात. फीत ओढणारा रबरी रोलर कडक आणि चकचकीत होतो. मग फीत पुढे सरकते, पण रीळ ती गुंडाळून घेत नाही आणि यंत्र तिला गिळतं. म्हणून पहिली कॅसेट फेकली तरी चालेल अशी लावा, कुणाच्या तरी लग्नाची नको. दहा मिनिटं चालवा, पुढे-मागे पळवा, बाहेर काढा आणि फितीच्या कडा बघा. कड दुमडलेली किंवा झालरीसारखी झाली असेल तर ते यंत्र बाद. फीत आत अडकलीच तर ओढू नका. प्लग काढा, वरचं झाकण उघडा आणि बोटाने सोडवा.

आता तुमची कॅसेट. बाजूचं छोटं बटण दाबलं की पुढची झडप उचलता येते. आतली फीत काळपट-तपकिरी, सपाट आणि चकचकीत हवी. काचेच्या खिडकीतून रिळाचा थर बघा. त्यावर पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे ठिपके असतील तर पुढचं उत्तर वाचेपर्यंत कॅसेट यंत्रात घालू नका. मागच्या कण्यावरची प्लॅस्टिकची चिमणी, म्हणजे रेकॉर्डिंगला परवानगी देणारी टिकली, शाबूत असेल तर ती आधी मोडा. शेजाऱ्यांच्या मुलाने चुकून लाल बटण दाबलं तर १९८७ पुन्हा येत नाही.

फीत ठीक वाटली तर ती एकदा शेवटपर्यंत पळवा आणि परत गुंडाळा. चिकटलेले थर सुटतात, ताण सारखा होतो. त्यानंतर पहिल्यांदा लावाल तेव्हाच कॉम्प्युटरमध्ये उतरवायची तयारी असू द्या. कमकुवत फीत एकदा नीट चालते आणि दुसऱ्यांदा चालेलच असं नाही, म्हणून ‘आधी घरच्यांनी बघू, मग उतरवू’ हा क्रम उलटा करा.

उतरवायला लागतं ते असं : व्हीसीआरच्या मागची पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची (साध्या यंत्रात आवाजाची एकच असते), आणि हे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं, यूएसबीला लागणारं कॅप्चर उपकरण. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं गोल भोक असेल तर पिवळीऐवजी तेच वापरा. रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांतून येत असल्यामुळे रंगांच्या कडेची थरथर कमी होते. चित्र ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पद्धत पाल, म्हणजे भारतातल्या प्रसारणाची. कमीत कमी दाबलेल्या स्वरूपात साठवलं तर तासाला तीस-पस्तीस जीबी लागतात. तेवढी जागा नसेल तर एच.२६४ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत सेकंदाला १० मेगाबिट धरा, तासाला साडेचार जीबी होतात. यापेक्षा खाली जाऊ नका. व्हीएचएसच्या चित्रात जो रवा, म्हणजे दाणेदारपणा, असतो तो कमी बिटमध्ये चौकोनी ठोकळे होऊन दिसतो.

एक गोष्ट हमखास चुकते. मुलाच्या फोनवर पूर्ण पडदा भरावा म्हणून लोक चित्र आडवं ताणतात आणि निवेदिकेचा चेहरा भोपळ्यासारखा होतो. मूळ चित्र ४:३ आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच.

चित्राच्या अगदी तळाशी काही ओळी वाकड्यातिकड्या हलताना दिसतील. तो बिघाड नाही. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर फीत वाचणारी हेड असतात, एका हेडकडून दुसऱ्याकडे जाताना तो सांधा दिसतो. जुन्या टीव्हीच्या पडद्याच्या कडेखाली तो झाकलेला असायचा. चित्राचा वरचा भाग उजवीकडे झुकत असेल तर मात्र ट्रॅकिंगचं बटण हलवून पाहा. तरीही झुकला तर वेळ दुरुस्त करणारं यंत्र, म्हणजे टीबीसी, मध्ये लावावं लागतं.

आणि कार्यक्रमाआधी रंगीत उभे पट्टे रेकॉर्ड झाले असतील तर ते कापून टाकू नका. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, लाल, निळा आणि काळा असा तो क्रम उजेडाच्या उतरत्या भाजणीने लावलेला आहे. म्हणून काळ्या-पांढऱ्या संचावर त्याच्या पायऱ्या दिसायच्या. तुमचे रंग बिघडलेत का हे ठरवायला याच्याइतकी सोयीची मोजपट्टी दुसरी नाही : पिवळा हिरवट दिसला की रंगाची सेटिंग हलवा आणि पट्टे जागेवर आले की थांबा.

प्रश्न : रिळावर पांढरी बुरशी दिसते. कापडाने पुसून लावली तर? (रत्नागिरी)

कोकणातल्या पत्रांत हा प्रश्न ठरलेला आहे. फडक्याने खिडकी पुसून उपयोग नाही, बुरशी आत रिळाच्या थरांवर असते. व्हीसीआरमधला ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा, मिनिटाला १,५०० फेरे फिरतो. त्यावर बुरशीची भुकटी चिकटली की एक तर हेड बुजतात, नाही तर फितीवर ओरखडे उठतात. शिवाय त्याच यंत्रात पुढे लावलेल्या चांगल्या कॅसेटीला लागण होते. तेव्हा बुरशीची कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, इतर कॅसेटींना शेजारी बसवू नका.

घरी करायचंच असेल तर मास्क आणि हातमोजे घालून, घराबाहेर. कॅसेट कोरड्या हवेत दोन-तीन दिवस ठेवली तर बुरशी वाळते आणि भुकटी सुटी होते. मग दुसऱ्या, खराब झालं तरी चालेल अशा व्हीसीआरमध्ये फीत पळवताना दोन्ही बाजूंना कोरडं, धागे न सुटणारं कापड हलकं टेकवायचं. कापडाची घडी मळली की बदलायची. ओलं काही लावायचं तर फक्त ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कापडावर थेंबभर. पाण्याचा अंश राहिला तर फीत पुन्हा चिकटते. एकच कॅसेट असेल आणि ती मोलाची असेल तर हा खटाटोप स्वतः न करता फितीचं काम करणाऱ्याला द्या. इथे ‘करून बघू’ म्हणायला दुसरी प्रत नाही.

हेड साफ करताना कापसाची काडी उभी वर-खाली घासू नका. हेडचं टोक केसाइतकं नाजूक असतं, उभ्या घासण्याने ते तुटतं. शामॉय, म्हणजे मऊ कमावलेलं कातडं ड्रमला आडवं टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा.

प्रश्न : सगळं जोडलं, पण चित्र काळंपांढरं येतं आणि वर सरकत राहतं. दुसऱ्या कॅसेटीत माणूस हात हलवतो तेव्हा कडेला फणीचे दात दिसतात. (नागपूर)

पहिलं : कॅप्चर सॉफ्टवेअर एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर आहे. भारतातलं प्रसारण पाल. सेटिंग बदललं की रंग येतो आणि चित्र वर सरकायचं थांबतं. दुसरं : तेव्हाचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांनी, एकाआड एक ओळीत विणलेलं असायचं. कॉम्प्युटर दोन अर्धी चित्रं एकत्र दाखवतो म्हणून दात दिसतात. उतरवलेली मूळ फाइल जशी आहे तशी ठेवा आणि बघण्याच्या प्रतीत डीइंटरलेस करून, म्हणजे विणलेली अर्धी चित्रं सुटी करून, सेकंदाला ५० फ्रेम घ्या. २५ घेतल्या तर हालचाल अडखळते.

प्रश्न : विज्ञानाच्या मालिकेत पाहिलेली सेलवरची मोटार मुलीसाठी केली. वेटोळं थरथरतं, अर्धा फेरा मारतं आणि थांबतं. (नाशिक)

शंभरात नव्वद वेळा दोष तार खरवडण्यात असतो. साहित्य तपासून घ्या : मोठा दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधला चुंबक, सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली २४ गेजची एनॅमल चढवलेली तांब्याची तार, सव्वा मीटर. सेलभोवती दहा वेढे घ्या, दोन्ही टोकं समोरासमोर ४ सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि त्याच टोकांचे दोन वेढे देऊन वेटोळं बांधा. २८ गेजची तार घेतली तर ती लुळी पडते, टोकं वाकतात.

आता मुख्य काम. एक टोक सगळीकडून खरवडा. दुसरं टोक खरवडताना वेटोळं टेबलाच्या कडेला उभं धरा, टोक टेबलावर टेकवा आणि फक्त वरची अर्धी बाजू ब्लेडने खरवडा. वेटोळं आडवं पडलेलं असताना अर्धी बाजू खरवडली, तर वीज सुरू होते ती नेमकी चुकीच्या क्षणी : चुंबक आधी पुढे ढकलतो आणि लगेच तेवढ्याच जोराने मागे. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तरी हाच परिणाम, कारण अर्ध्या फेऱ्यानंतर वीज बंद पडायला हवी ती पडतच नाही. तुमचं थरथरणं यातलंच आहे.

एनॅमल तांब्याच्याच रंगाचं असतं, म्हणून खरवडलं की नाही ते डोळ्यांना कळत नाही. खरवडलेला भाग गुलाबीसर चमकतो. लायटरने जाळू नका, काजळी राहते आणि वीज अडते. मग टोकं पिनांच्या भोकांत घाला, वेटोळं बोटाने फिरवा. ते नेहमी एकाच बाजूला येऊन थांबत असेल तर तोल बिघडलाय, टोकं मध्यरेषेत वाकवा.

वेटोळ्याचा रोध एक ओहमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे वेटोळं अडकून थांबलं तर सेल पाहता पाहता तापतो. खेळ झाला की वेटोळं काढून ठेवा. लिथियम सेल या प्रयोगाला अजिबात नको.

प्रश्न : उतरवलेला भाग यूट्यूबवर टाकला तर चालेल का? (पुणे)

घरी बघायला, नातेवाइकांना दाखवायला हरकत नाही. जाहीर टाकायला परवानगी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाला, आणि त्यात ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रमही येतात, प्रकाशनाच्या पुढल्या वर्षारंभापासून ६० वर्षं संरक्षण आहे. म्हणजे १९८७ चा कार्यक्रम २०४७ च्या अखेरपर्यंत. प्रसारणाचा हक्क २५ वर्षांचा होता आणि तो संपलाय, पण त्याने कार्यक्रमाचा हक्क संपत नाही. टाकण्याआधी प्रसार भारतीच्या संग्रहाच्या यूट्यूब वाहिनीवर शोधून बघा. तो भाग तिथे असेल तर तुमचे श्रम वाचतील. नसेल तर हक्क ज्या संस्थेकडे आहेत तिला लिहा. पत्रात कार्यक्रमाचं नाव, अंदाजे वर्ष, लांबी आणि सुरुवातीच्या मिनिटाचं वर्णन द्या. खोक्यावर स्केचपेनने लिहिलेल्या नावापेक्षा शेवटच्या श्रेयनामावलीतली नावं आणि संस्थेचं चिन्ह जास्त उपयोगी पडतं, म्हणून उतरवताना शेवट कापू नका.