पहाटे दीडचं विमान, मग टेस्ट कोणत्या दिवशी?

वाचकांचे प्रश्न : सहकुटुंब परदेश प्रवास

सुट्टीत परदेशी निघालेल्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांनी 'आम्हाला कोविडची टेस्ट लागेल का?' असे विचारले आहे. पण नियम कुटुंबाला लागत नाही, माणसाला लागतो. आजोबांना एक, आठ वर्षांच्या नातीला दुसरा, आणि तिलाच येताना तिसरा. म्हणून पत्रात प्रत्येकाचे वय, कोविड लसीच्या शेवटच्या डोसची तारीख आणि परतीचा मार्ग कळवलात तर उत्तर नेमके देता येते. खालची उत्तरे २० मे २०२२ रोजी लागू असलेल्या नियमांप्रमाणे आहेत; त्यांतले नियम आणि किमती त्या वेळच्या, आज लागू नाहीत. नियम आठवड्यात बदलू शकतात, त्यामुळे निघण्याआधी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

प्रश्न : आम्ही सहा जण अमेरिकेला मुलाकडे निघालो आहोत : आम्ही दोघे, मुलगी, जावई, आठ वर्षांची नात आणि पावणेदोन वर्षांचा नातू. मुंबईहून शनिवारी ४ जूनला पहाटे दीड वाजता विमान आहे. एजंट म्हणतो, ७२ तासांतली आरटी-पीसीआर चालते. मुलगा म्हणतो, २४ तासांतलीच हवी. शिवाय माझे यजमान २७ एप्रिलला पॉझिटिव्ह आले होते. आता बरे आहेत, पण टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह आली तर? (कोथरूड)

उत्तर : दोघांचेही चुकते आहे. अमेरिकेसाठी ६ डिसेंबर २०२१ पासून नियम 'एक दिवस आधी' असा आहे. तो तासांवर चालत नाही, तारखेवर चालतो. विमान ४ जूनचे असेल तर नमुना ३ जूनला दिवसभरात केव्हाही दिलेला चालतो. २ तारखेला रात्री ११ ला दिलेला चालत नाही, मग विमानाला साडेसव्वीस तासच उरलेले असोत. पहाटेच्या विमानात लोक इथेच फसतात. आपल्या मनात प्रवास 'शुक्रवारी रात्रीचा' असतो, म्हणून गुरुवारी टेस्ट केली की एक दिवस आधी झाली असे वाटते. तिकिटावर मात्र शनिवार छापलेला असतो.

तेव्हा शुक्रवारी ३ जूनला सकाळी सात-आठला लॅब गाठा. अमेरिकेला आरटी-पीसीआरच हवी असे नाही, लॅबमध्ये केलेली रॅपिड अँटिजेन टेस्टही चालते. अँटिजेनचा निकाल अर्ध्या तासात कळतो. आरटी-पीसीआरचा रिपोर्ट संध्याकाळी येईल अशा बेताने तुम्ही गाडीत बसणार आणि तो उर्से टोलनाक्यापर्यंत आला नाही, तर सहा जणांचा जीव टांगणीला. आमचा सल्ला अँटिजेनचाच आहे. दुपारपर्यंत कागद हातात, संध्याकाळी सहाला पुण्याहून प्रस्थान.

यजमानांसाठी तर अँटिजेनच योग्य. बरे झाल्यावरही विषाणूचे निर्जीव अवशेष नाकात-घशात काही आठवडे राहू शकतात आणि आरटी-पीसीआर ते पकडते. अँटिजेनला विषाणूची प्रथिने पुरेशा प्रमाणात लागतात, त्यामुळे पाचसहा आठवड्यांनी ती सहसा निगेटिव्ह येते. तरीही दुसरा मार्ग तयार ठेवा. गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि 'प्रवासास योग्य' असे लिहिलेले डॉक्टरांचे सही-तारखेचे पत्र, हे दोन्ही असेल तर निगेटिव्ह टेस्ट लागतच नाही. २७ एप्रिल ते ४ जून म्हणजे ३८ दिवस, मुदतीत आहे. पत्र डॉक्टरांच्या छापील लेटरहेडवर, इंग्रजीत, पत्ता आणि फोनसह घ्या. नुसते डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, कारण त्यात प्रवासाबद्दल काही लिहिलेले नसते.

आता मुले. दोन वर्षांखालच्यांना टेस्ट नाही, म्हणजे नातू सुटला. वय प्रवासाच्या दिवशीचे धरतात. नातीला टेस्ट लागेल. लस मात्र १८ वर्षांखालच्यांना अमेरिकेत शिरण्यासाठी सक्तीची नाही. लस न घेतलेल्या मुलांची पोहोचल्यावर ३ ते ५ दिवसांनी पुन्हा टेस्ट करू, असे पालकांना हमीपत्रात लिहून द्यावे लागते. हे हमीपत्र विमान कंपनी देते, माणशी एक. ते घरीच छापून भरून ठेवा. काउंटरवर सहा पासपोर्ट, दोन मुले आणि उसने पेन घेऊन ते भरणे म्हणजे शिक्षा.

लॅबमधून निघण्यापूर्वी रिपोर्ट तिथेच उभे राहून वाचा. त्यावर पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक, टेस्टचा प्रकार, लॅबचे नाव, निकाल, आणि मुख्य म्हणजे नमुना घेतल्याची तारीख असायला हवी. काही लॅबच्या छापील नमुन्यात नोंदणीची आणि रिपोर्टची वेळ ठळक असते, नमुन्याची नसतेच. चेक-इनला नेमकी तीच शोधतात.

आणि एक तिकिटाबद्दल. मुंबई ते अमेरिका सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असेल आणि मधला थांबा २४ तासांपेक्षा जास्त नसेल, तर तारीख मुंबईच्या विमानावरून धरतात. स्वस्त पडते म्हणून मुंबई-दुबई वेगळे आणि दुबई-न्यूयॉर्क वेगळे काढले असेल, तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानाच्या तारखेवरून.

प्रश्न : याच प्रवासात परत येताना काय? भारतात आता टेस्ट लागत नाही म्हणतात. (वरच्याच वाचक)

उत्तर : तुम्हा चौघा मोठ्यांना लागत नाही. १४ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात येताना 'एअर सुविधा' (परदेशातून येणाऱ्यांनी तेव्हा भरायचा ऑनलाइन) फॉर्मबरोबर दोन डोसचे प्रमाणपत्र किंवा ७२ तासांतला आरटी-पीसीआर रिपोर्ट, यांपैकी एक जोडायचे असते. पाच वर्षांखालच्यांना टेस्टमधून सूट आहे. पण तुमची नात आठ वर्षांची. पाचाच्या वर, आणि बाराच्या खाली असल्यामुळे आपल्याकडे तिच्यासाठी लस नाही. म्हणजे परतीला संपूर्ण घरात टेस्ट फक्त तिची. हे अनेकांना विमानतळावरच कळते.

इथे अमेरिकेच्या उलट हिशोब. तारीख नाही, तास मोजायचे, आणि अँटिजेन चालत नाही. विमान रविवारी रात्री ९ चे असेल तर नमुना गुरुवारी रात्री ९ नंतरचा हवा, म्हणजे व्यवहारात शुक्रवारी सकाळी. शनिवारवर ठेवू नका. तिथल्या औषध दुकानांतल्या मोफत टेस्टचा निकाल कधी एका दिवसात येतो, कधी तीन. अपॉइंटमेंट घेताना 'आरटी-पीसीआर' हा शब्द वाचूनच पुढे जा. 'आयडी नाऊ' नावाची झटपट टेस्ट रेणूंवरचीच असली तरी आरटी-पीसीआर नव्हे, आणि रिपोर्टवर तसे स्पष्ट छापलेले असते. चेक-इनला त्यावरून अडवू शकतात.

नात पॉझिटिव्ह आली तर सहाही जणांनी थांबायची गरज नाही. तिच्याजवळ आई किंवा बाबा थांबतील. त्यासाठी विमान कंपनीला फोन करून पीएनआर विभागून घ्यावा लागतो, नाहीतर एकाची तारीख बदलताना सगळ्यांची बदलते. म्हणून तिकीट काढतानाच नातीला आणि जो थांबेल त्याला वेगळ्या पीएनआरवर ठेवले तर बरे. घरातल्या घरात हा निर्णय आधीच होऊन गेलेला असावा, शुक्रवारी रात्री परदेशात बसून नव्हे.

प्रश्न : आईचे आधार कार्ड 'आडनाव-नाव-वडिलांचे नाव' असे माहेरच्या नावाचे, पासपोर्ट सासरच्या नावाचा. कोविनवर (लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर) आधारप्रमाणे नाव आले आहे. चालेल का? (सदाशिव पेठ)

उत्तर : क्रम उलटा एवढीच तक्रार असती तर फारसे अडले नसते. आडनावच वेगळे असेल तर ते दुरुस्त करूनच जा. कोविनमध्ये ज्या मोबाइलवर नोंदणी झाली तो क्रमांक घालून लॉग-इन करा आणि 'रेझ अॅन इश्यू' मध्ये जा. आधी प्रमाणपत्रातील दुरुस्ती, त्यानंतर पासपोर्ट क्रमांक जोडणे, हा क्रम पाळा. दुरुस्तीची संधी एकदाच मिळते, म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून त्यावरचे अक्षरन् अक्षर तसेच उतरवा. 'व्ही' की 'डब्ल्यू', 'ई' एक की दोन, हे पासपोर्टच ठरवेल. शेवटी 'इंटरनॅशनल ट्रॅव्हल सर्टिफिकेट' उतरवून घ्या. साध्या प्रमाणपत्रावर नुसते वय असते, यावर पूर्ण जन्मतारीख असते. बऱ्याच देशांना तीच हवी असते.

खरी अडचण सहसा ओटीपीची येते. गेल्या वर्षी स्लॉट मिळवताना जो फोन हाताशी होता त्यावर आजीची नोंदणी झाली, आणि तो फोन आता बंगळूरला गेलेल्या नातवाकडे आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री हे आठवू नये. सगळी प्रमाणपत्रे आजच उतरवा, दोन-दोन प्रती छापा, आणि पीडीएफ प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.

प्रश्न : १२ जूनला पॅरिस आणि तिथून स्वित्झर्लंड असा बेत आहे. आम्हा दोघांचा कोविशील्डचा दुसरा डोस १० सप्टेंबर २०२१ चा. मुलगा तेरा वर्षांचा, त्याचे कॉर्बेवॅक्सचे दोन्ही डोस झाले. म्हणजे तिघेही 'पूर्ण लसीकरण' मध्ये ना? (बाणेर)

उत्तर : बेत १२ जूनचा आहे म्हणून, तिघांपैकी एकही नाही.

युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे दोन डोसची मुदत २७० दिवस. तुमची ती ७ जूनला संपते. आपल्याकडे प्रिकॉशन डोससाठी (म्हणजे बूस्टरसाठी) नऊ महिने, म्हणजे ३९ आठवडे थांबायचे. ते २७३ दिवस होतात, म्हणजे १० जून. युरोपची मुदत संपल्यावर तीन दिवसांनी आपली सुरू! सुदैवाने १२ मे रोजी केंद्र सरकारने परदेशी जाणाऱ्यांना ही अट सैल केली आहे. ज्या देशात जायचे त्याच्या नियमाप्रमाणे आधी डोस घेता येतो. तिकीट आणि व्हिसाची प्रत बरोबर घेऊन खासगी केंद्रात जा. कोविशील्डची किंमत (मे २०२२ मध्ये) २२५ रुपये आणि सेवाशुल्क जास्तीत जास्त १५० रुपये. मे संपायच्या आत घ्या. एक तर अंगदुखी-ताप असला तर निघण्यापूर्वी ओसरतो, आणि प्रमाणपत्रात चूक निघालीच तर दुरुस्तीला वेळ राहतो. बूस्टर घेतल्यावर २७० दिवसांची मुदत लागत नाही.

मुलाचे वेगळे. कॉर्बेवॅक्स १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिली जाऊ लागली, पण मे २०२२ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यताप्राप्त लसींच्या यादीत नव्हती. त्यामुळे परदेशात तो 'लस न घेतलेला' धरला जाईल असे समजूनच तयारी करा. युरोपीय संघाची शिफारस ६ ते १७ वर्षांच्या मुलांना ७२ तासांच्या आतली निगेटिव्ह आरटी-पीसीआर असल्यास प्रवेश देण्याची आहे. देशोदेशी वयाची रेघ मात्र वेगळी (जर्मनीत बाराखाली काहीच नाही), म्हणून पॅरिसचा नियम विमान कंपनीकडून लेखी विचारून घ्या. घरी येऊन नमुना नेला तर राज्य सरकारने ठरवलेली मर्यादा (मे २०२२ मध्ये) ७०० रुपये होती. भारतात परतताना मात्र हीच कॉर्बेवॅक्स कामाला येते : दोन डोसचे प्रमाणपत्र जोडले की त्याला टेस्ट नाही.

स्वित्झर्लंडने २ मे पासून कोविडचे सगळे प्रवेशनियम काढून टाकले आहेत. पण त्याचा फायदा थेट झुरिकला उतरणाऱ्यांना. तुम्ही शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) पॅरिसहून शिरणार, म्हणजे फ्रान्सचा नियम तुमचा. तिकीट अजून बदलता येत असेल तर उलटा मार्ग विचारात घ्या.

प्रश्न : घरी कोविसेल्फ किट आहे. त्यावर निगेटिव्ह आल्याचा फोटो चालेल का? (धायरी)

उत्तर : नाही. हे किट आपल्या पुण्याच्याच मायलॅबचे आणि आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मान्य केलेले, पण ते घरच्या घरी तपासण्यासाठी आहे. नमुना कुणाचा, केव्हा घेतला, हे पाहणारे तिथे कुणी नसते, म्हणून प्रवासाला लॅबचाच रिपोर्ट लागतो. किटचा दुसरा उपयोग करा : निघण्याच्या तीन-चार दिवस आधी घरातल्या सगळ्यांची चाचणी घ्या. कुणी पॉझिटिव्ह निघाले तर तारीख बदलायला आणि विम्याचा दावा करायला हाती वेळ राहतो. विमा घेताना एक ओळ वाचा. रुग्णालयाचा खर्च बहुतेक पॉलिसींत असतो, विलगीकरणाच्या हॉटेलचा क्वचितच.

प्रश्न : एअर सुविधा फॉर्म भरून द्यायचे एजंट माणशी ५०० रुपये मागतो आहे. (हडपसर)

उत्तर : देऊ नका, फॉर्म फुकट आहे. तो दिल्ली विमानतळाच्या संकेतस्थळावर असतो, तुम्ही मुंबईत उतरणार असलात तरी. दिल्लीचे नाव पाहून लोक बावचळतात आणि शोधात वर आलेल्या भलत्याच, पैसे मागणाऱ्या साइटवर जातात. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि लस-प्रमाणपत्राची पीडीएफ तयार ठेवा, फाइल लहान असू द्या. गेल्या १४ दिवसांत कोणत्या देशांत होतात हे विचारतात, तेव्हा मधल्या थांब्याचा देशही लिहा. भरल्यावर ई-मेलने आलेली प्रत छापून घ्या. ती चेक-इनलाही पाहतात आणि मुंबईत उतरल्यावरही. उतरणाऱ्यांपैकी २ टक्के प्रवाशांचा नमुना विमानतळावर घेतात. तुमचा नंबर लागला तर नमुना देऊन घरी जाता येते.