बीसीबीए (सर्टिफाइड वर्तन-विश्लेषक) सुपरवायझर झाल्यावर काम आणि घर दोन्ही कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर सेशन्स बघण्यात जातो, रिपोर्ट रात्री घरी बसून लिहावे लागतात, आरबीटींचे (मुलांना थेट थेरपी देणाऱ्या टेक्निशियनचे) मेसेज जेवतानाही थांबत नाहीत, तर टाइम मॅनेजमेंटसाठी एखादं चांगलं अ‍ॅप सुचवा. अ‍ॅप नाही सुचवत. तुमची निम्मी अडचण आकड्यांची आहे आणि उरलेली वर्तनाची, आणि वर्तनाचं तर आपण दुसऱ्यांना शिकवतो.

आधी आकडे. आरबीटीने महिनाभरात जेवढे तास सर्व्हिस दिली त्याच्या किमान ५ टक्के सुपरव्हिजन, हा बीएसीबीचा (सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाचा) नियम तुम्हाला पाठ असेलच. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ८ आरबीटी आणि प्रत्येकाचे महिन्याला १०० तास धरले तर तिथेच ४० तास गेले, म्हणजे महिन्यातला कामाचा एक अख्खा आठवडा. वर दोन फिल्डवर्क ट्रेनी (बीसीबीए होण्यासाठी प्रत्यक्ष कामाचे तास भरणारे), प्रत्येकी महिन्याला १३० तासांचे, की आणखी १३ तास, आणि दोघांनी कॉन्सन्ट्रेटेड (एकूण तास कमी, पण सुपरव्हिजन जास्त असा प्रकार) घेतलं असेल तर १० टक्क्यांच्या हिशेबाने २६. आणि हे सगळं किमान बरं का! नवीन आरबीटी असेल किंवा स्वतःला इजा करून घेणारं मूल असेल तर ५ टक्क्यांत काही होत नाही. असेसमेंट, पॅरेंट ट्रेनिंग, ग्राफ, एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळ, यातलं अजून काहीच धरलेलं नाही.

हा हिशेब खरंच कागदावर मांडा आणि मॅनेजरसमोर ठेवा. "मला जमत नाहीये" म्हणालात की पुढची व्यक्ती तुम्हालाच चार टिप्स देते, पण तासांची बेरीज समोर ठेवून "यातलं काय कमी करायचं ते सांगा" म्हटलं की बोलणं कामाच्या रचनेवर येतं. बीएसीबीच्या एथिक्स कोडचं ४.०३ कलम हेच सांगतं की नीट सुपरव्हाइज करता येतील तेवढेच लोक घ्या, म्हणजे नाही म्हणणं हा तुमचा आळस ठरत नाही, ती तुमची जबाबदारीच आहे. केसलोड आवाक्याबाहेर असेल तर खालचं काहीही करून फार फरक पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता मेसेज. इथे जरा क्लायंटकडे बघतो तसं स्वतःकडे बघा. आरबीटी प्रश्न टाकते, अर्ध्या मिनिटात तुमचं उत्तर येतं, तिला प्लॅन उघडून वाचण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. आणि उत्तर दिलं की तुमच्या डोक्याला लागलेली टोचणी थांबते, म्हणजे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट तुम्हालाही मिळतंय. दोघींचं छान चाललंय, जेवण तेवढं गार होतंय. हे एकदम बंद केलंत तर एक्स्टिंक्शन बर्स्ट येऊ शकतो, म्हणजे मेसेज थांबण्याआधी काही काळ वाढतात, आणि पाचव्या मेसेजला वैतागून उत्तर दिलंत तर पुढच्या वेळी पाचपर्यंत चिकाटी धरायची हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून आधी पर्याय द्या. इमर्जन्सी कशाला म्हणायचं ते लिहून द्या, जसं की दुखापत, मूल पळून जाणं, अब्यूजचा संशय, यात मेसेज नाही, थेट फोन. बाकी सगळे प्रश्न एका शेअर्ड शीटमध्ये, आणि त्याची उत्तरं रोज ठरलेल्या वेळी, ती वेळ तुम्ही मात्र चुकवायची नाही. जी आरबीटी "प्लॅन बघून असं केलं, बरोबर आहे ना?" असं विचारेल तिला सगळ्यात आधी उत्तर द्या, कौतुकासकट. आणि एकच प्रश्न तिघींकडून आला तर आरबीटींवर चिडू नका, प्लॅनच धड लिहिलेला नाही, तो दुरुस्त करा.

ट्रेनींना काम द्यायला बरेच सुपरवायझर संकोचतात, आपलं ओझं त्यांच्यावर ढकलतोय असं वाटतं म्हणे. उलट आहे. त्यांच्या तासांपैकी किमान ६० टक्के अनरिस्ट्रिक्टेड (नुसती थेरपी देणं नव्हे, तर बीसीबीए करतो तसं काम) लागतात आणि ते मिळवताना त्यांची दमछाक होते, त्यामुळे ग्राफ करणं, डेटा वाचणं, प्रोग्रॅमचा कच्चा मसुदा लिहिणं हे त्यांना हवंच असतं. तपासायचं आणि सही करायची जबाबदारी तुमचीच, ती कुठे जात नाही. शिवाय ट्रेनींची सुपरव्हिजन निम्म्यापर्यंत ग्रुपमध्ये चालते, तर बीएसटीमधलं (कौशल्य शिकवायच्या पद्धतीतलं) सांगणं, करून दाखवणं आणि रोल प्ले तिथे घ्या, एकेकाला दिलेला वेळ ऑब्झर्वेशन आणि फीडबॅकला राखून ठेवा.

रिपोर्टचं म्हणाल तर ऑथरायझेशन (इन्शुरन्सची मंजुरी) कधी संपतंय ते आधीच माहीत असतं, तरी सगळे शेवटच्या आठवड्यात बसतात. चार आठवडे आधी फाइल उघडून ठेवा, दर आठवड्याला एक भाग. सेशनची नोट सेशनमध्येच, शेवटच्या दहा मिनिटांत. कॅन्सल झालेल्या सेशनसाठी छोट्या कामांची यादी तयार हवी, नाहीतर तो तास फोनवर जातो. सेल्फ-केअरच्या वेबिनारला सीईयू (सर्टिफिकेट टिकवायला लागणारे शिक्षणाचे क्रेडिट) मिळतात, घ्या जरूर, पण त्यासाठी रविवार घालवू नका.

आणि एवढं करूनही वरचे फक्त बिलेबलचं (ज्यांचं बिल लावता येतं त्या तासांचं) टार्गेटच वाढवत राहिले तर दुसरीकडे बघा, तिथे इंटरव्ह्यूतच विचारा की नॉन-बिलेबल कामाला आठवड्याचे किती तास धरलेत, उत्तर गोलगोल आलं तर काय ते समजून जा. सोडताना ट्रेनींचे महिन्याचे व्हेरिफिकेशन फॉर्म सह्या करून आधी हातावेगळे करा, फिल्डवर्कची कागदपत्रं किमान ७ वर्षं ठेवावी लागतात आणि नंतर जुन्या ऑफिसातून काही मिळवणं म्हणजे डोक्याला ताप.