बेडरूममध्ये हवा शुद्ध करणारी कोणती आणि किती झाडं ठेवावीत?

तुमची खोली १० बाय १२ फूट, एसीमुळे खिडकी कायम बंद, नव्या फर्निचरचा वास जात नाही, आणि त्यावर उपाय म्हणून झाडं कोणती नि किती आणावीत, त्यांच्यापासून रात्रीचा ऑक्सिजन मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे चौदा होती. खोली साधारण तुमच्याएवढीच. वास गेला नाही. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल.

आठ वर्षांपूर्वी मुलगी झाली त्याच सुमारास आम्ही बेडरूममध्ये भिंतभर कपाट करून घेतलं. प्लायवूड, आतले कप्पे एमडीएफचे (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांचे), वरून लॅमिनेट. सुतार गेले आणि खोलीत शिरलं की डोळे चुरचुरायला लागले. कपाटाचं दार उघडलं की वास थेट नाकात झोंबायचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अगं, खिडक्या सताड उघड्या टाका, कपाटाची दारंही उघडी ठेवा, आणि महिनाभर बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपा." विषय तिथेच संपायला हवा होता.

पण आमच्याकडे मोठे भाऊजी आहेत. माणूस प्रेमळ, अर्ध्या रात्री धावून येणारा, पण एकदा काही वाचलं की ते त्यांचंच संशोधन होऊन जातं. पुढच्या रविवारी गाडीची डिकी आणि मागची सीट भरून ते चौदा कुंड्या घेऊन आले. पाच स्नेक प्लांट, तीन मनीप्लांट, दोन अरेका पाम, दोन पीस लिली, एक स्पायडर प्लांट, एक झेडझेड. प्रत्येक कुंडीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, हवेतलं कोणतं घातक रसायन कुणी शोषायचं त्याची. कुणावर 'बेंझिन', कुणावर 'फॉर्मल्डिहाइड', एका स्नेक प्लांटवर 'रात्रीचा ऑक्सिजन'. मंत्रिमंडळाचं खातेवाटप झाल्यासारखं.

"नासाने सिद्ध केलंय," भाऊजी म्हणाले. "आणि आता खिडकी उघडायची नाही हं. झाडांनी शुद्ध केलेली हवा बाहेर जाईल."

सासूबाई म्हणाल्या, "हवा काय बरणीत भरून ठेवायची असते का रे?" नवरा काहीच बोलला नाही. दादा म्हणेल ती पूर्व दिशा. मीही बोलले नाही, कारण रात्रीची झोप नसलेल्या बाईला वाद घालण्यापेक्षा चौदा कुंड्यांना पाणी घालणं सोपं वाटतं.

सात आठवडे खिडकी बंद होती. बाळाला गार लागेल म्हणून एसीही बंद. मी रोज सकाळी इमानेइतबारे पाणी घालत होते, कारण झाडांनी काम करायचं तर त्यांना खायला-प्यायला नको का, असा माझा हिशेब. तिसऱ्या आठवड्यात दिव्याभोवती बारीक काळी चिलटं फिरायला लागली. पाचव्यात कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरली. मूळ वास तर होताच, त्यात आता कुबट वासाची भर. सातव्या आठवड्यात 'रात्रीचा ऑक्सिजन' एका बाजूला कलला म्हणून सरळ करायला पान धरलं, तर ते बुडापासून अलगद हातात आलं. खालचा भाग तपकिरी, बुळबुळीत, आणि तुंबलेल्या मोरीसारखा वास. बाहेरची शोभेची कुंडी उचलून पाहिली तर आतली प्लास्टिकची कुंडी चार बोटं पाण्यात उभी. बाहेरच्या कुंडीला भोकच नव्हतं. चौदांपैकी नऊ कुंड्यांची हीच गत.

त्या दुपारी मी खिडकी उघडली. मग बाळ झोपलं की त्या नासाच्या अहवालाबद्दल मिळेल ते वाचायला लागले. राग आला की मी वाचते.

अहवाल खरा आहे, १९८९चा. वॉल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पण प्रयोग झाला तो हवाबंद पारदर्शक पेट्यांमध्ये. एका पेटीत एक झाड, त्यात बेंझिन, ट्रायक्लोरोएथिलीन किंवा फॉर्मल्डिहाइड सोडायचं, आणि किती कमी होतं ते मोजायचं. त्यांना उत्सुकता होती ती अंतराळयानासारख्या बंदिस्त जागेची, जिथे खिडकी उघडायची सोयच नाही. त्यातही गंमत अशी की पानं काढून टाकली तरी नुसती मुळं आणि माती बऱ्यापैकी काम करत राहिली, कारण ती रसायनं खाण्यात मातीतल्या सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा. आणि सगळ्यात दमदार निकाल ज्या रचनेचे, त्यात कुंडीत सक्रिय कोळसा (वायू शोषून घेणारा खास कोळसा) होता आणि खोलीतली हवा त्या मुळांमधून ओढणारा पंखा. मी भाऊजींना एवढंच विचारलं, "तुमच्या कुंडीत पंखा कुठे आहे?"

ते म्हणाले, "तत्त्व तेच आहे ना."

पुढे २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॉरिंग या दोघांनी अशा प्रयोगांचे १२ अभ्यास, त्यातले १९६ प्रयोग, एकत्र तपासले आणि सगळं एकाच मापात आणलं: एक झाड तासाला किती हवा साफ करतं? इमारतीत फटींतून, खिडक्यांतून एरवीही जी हवा आपोआप बदलते, तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं निघालं. तुमची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी ११० कुंड्या. जास्तीत जास्त ११ हजार. तुम्ही झोपणार कुठे ते ठरवा.

हेही मी भाऊजींना दाखवलं. "ही अमेरिकेतली संशोधनं आपल्याला लागू होत नाहीत," ते म्हणाले. नासा कुठली, ते मी विचारलं नाही. सासूबाई समोर बसल्या होत्या, म्हणून.

रात्रीच्या ऑक्सिजनचंही सांगून टाकते, कारण तुमच्या प्रश्नात तोही शब्द आलाय. स्नेक प्लांट पानांवरची रंध्रं रात्री उघडतं, कारण दिवसा उघडली तर पाणी उडून जातं. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा उजेडात वापरतं. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. म्हणजे रात्री घेणं खरं, रात्री देणं ही पुढे जोडलेली शेपटी. आणि पडून असलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो. उशाशी ठेवलेल्या पाच पानांनी तो पुरवायचा म्हणजे जरा अतिच.

तुमचा वास बहुतेक प्लाय आणि एमडीएफच्या गोंदातला आहे. त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं आणि त्यातून तो वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो. खोली गरम आणि दमट असेल तर जास्तच सुटतो. आता बघा, बंद खोलीत चौदा ओल्या कुंड्या ठेवून आम्ही काय केलं असेल. खिडकी उघडल्यावर आठवडाभरात डोळे चुरचुरायचे थांबले. कपाटातला वास पूर्ण जायला पुढे बरेच महिने लागले, पण खोलीतला गेला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. स्नेक प्लांटला इंग्रजीत 'सासूची जीभ' म्हणतात हे मला तेव्हाच कळलं होतं, पण त्या आठवड्यात ते सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

तर कोणती झाडं? तुम्हाला आवडतील ती. मनापासून सांगते, खोलीत हिरवं काही असलं की बरं वाटतं, आणि तेवढं कारण पुरे आहे. त्यांना कामाला लावू नका.

तरी नावंच हवी असतील तर पहिल्यांदा ठेवणाऱ्याने स्नेक प्लांट किंवा झेडझेड घ्यावं. दुर्लक्ष केलं की दोन्ही खूश. झेडझेडच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, पाणी त्यातच साठवलेलं असतं. मनीप्लांट कुणाच्याही हातून जगतं. पीस लिली नाटकी आहे, तहान लागली की अंग टाकून देते आणि पाणी घातलं की दोन-तीन तासांत उठून बसते, त्यामुळे ज्यांना अंदाज येत नाही त्यांना तीच शिकवते. अरेका मात्र बंद, अंधाऱ्या खोलीसाठी नाहीच. दुकानात दिसतो तेवढा भरगच्च तो घरात राहत नाही. शेंडे करपतात, मग आपण आणखी पाणी घालतो, मग मुळं कुजतात.

पाण्याचं वेळापत्रक लावू नका. 'आठवड्यातून दोनदा' असं सांगणाऱ्याने तुमची कुंडी पाहिलेली नसते. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. ओल लागली तर तांब्या परत ठेवून या. स्नेक प्लांटला तर माती तळापर्यंत सुकू द्या. मी आता कुंडी उचलूनच बघते. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर नाही. पाणी घालायचं तर भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं, निथळू द्यायचं, आणि शोभेची कुंडी असेल तर तिच्यात साचलेलं ओतून टाकायचं. कोकोपीटचं मिश्रण वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. त्यात जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खडे) मिसळलं की निचरा सुधारतो.

उजेडासाठी सोपी परीक्षा: दुपारी झाडाच्या जागी हात धरा. सावली ठळक पडली तर उजेड भरपूर, पुसट पडली तर या सावलीतल्या झाडांना चालेल, पडलीच नाही तर तिथे शोपीस ठेवा. एसीचा झोत थेट पानांवर नको. पानांवर धूळ बसली की ओल्या फडक्याने पुसा, पॉलिश वगैरे नको. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक टिपून काढा, दर चार-पाच दिवसांनी, संपेपर्यंत. चिलटं झाली तर औषधाआधी पाणी थांबवा. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या मातीत असतात, वरचे दोन इंच कोरडे पडले की त्यांचा संसार उठतो.

दोन गोष्टी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हव्या होत्या. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर मनीप्लांट, पीस लिली आणि झेडझेड हाताला लागेल असं ठेवू नका. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. माझ्या मुलीने आठव्या महिन्यात मनीप्लांटचं पान चघळलं आणि तोंडाची आग होऊन तासभर आकांत केला. निभावलं, पण डॉक्टरांकडे पळालोच. स्पायडर प्लांट आणि अरेका या बाबतीत निर्धोक.

दुसरं म्हणजे, खिडकी उघडा हा माझा हट्ट सगळीकडे चालणार नाही. खिडकीखाली रहदारीचा रस्ता असेल, कुणी कचरा जाळत असेल, तर त्या वेळी ती बंदच बरी. बारीक धूळ-धूर अडवायला हेपा फिल्टरचं यंत्र लागतं, आणि वास-वायूसाठी त्यात भरपूर सक्रिय कोळसा. घरात कुणाला दमा असेल तर कुंड्यांच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांशी बोला. भाऊजी हे वाचणार असतील तर: हो, मी यंत्राला नाही म्हटलेलं नाही. मी कुंडीला यंत्र म्हणायला नाही म्हटलंय.

चौदांपैकी आता तीन उरलीत. त्या कुजलेल्या स्नेक प्लांटची वरची चांगली पानं मी चार-चार बोटांचे तुकडे करून, दोन दिवस सुकवून मातीत खोचली होती. महिने गेले, पण कोंब आले. मूळ झाडाला पिवळी किनार होती, पानाच्या तुकड्यांपासून आलेली रोपं मात्र साधी हिरवी. ती किनार पानाच्या तुकड्यातून उतरत नाही, गड्डा फोडून लावलं तरच टिकते. त्यातलं एक रोप मी भाऊजींना दिलं. "हे माझं झाड नव्हेच," म्हणाले, पण घेऊन गेले.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. झाड त्यांच्या झोपायच्या खोलीत खिडकीशी ठेवलेलं, कंबरेएवढं झालेलं. खिडकी उघडी. मी नुसतं खिडकीकडे बघितलं.

"झाडाला हवा नको का?" भाऊजी म्हणाले.